स्लीपी मार्मोटचा उतार

फ्रिस्को, ऑगस्ट

आमचा बर्फातला प्रवास सुरू झाला तेव्हा बाहेर चाळीस अंश तापमान होतं. टेक्ससमधल्या फ्रिस्कोला माझा मुलगा समीर राहतो, आणि तिथल्या उन्हाळ्याबद्दल मी एवढंच सांगेन की नागपूरहून गेलेल्या बाईला तिथे मुळीच परकं वाटत नाही. फरक इतकाच, की नागपुरात भर दुपारीही रस्त्यावर एखादा रसवंतीवाला दिसतो. इथे सगळी घरं दारं-खिडक्या मिटून बसलेली आणि आत एसीची गुणगुण. समीर आणि माझी सून गौरी आपापल्या खोलीत हेडफोन लावून मीटिंगमध्ये. रिकामटेकड्या अशा आम्ही दोघीच, मी आणि माझी नऊ वर्षांची नात इरा.

अशाच एका दुपारी इराने एक नकाशा छापून आणला आणि हॉलच्या फरशीवर पसरला. जानेवारीच्या लाँग वीकेंडला कोलोराडोत स्कीइंगला जायचं समीरने ठरवलं होतं. माझा सहा महिन्यांचा मुक्काम जानेवारीच्या अखेरीस संपणार, म्हणजे परत जाण्याआधीचा हा आमचा शेवटचा एकत्र प्रवास. नकाशावर एक मोठा पांढरा डोंगर होता आणि त्याच्या अंगावरून हिरव्या, निळ्या, काळ्या रेघा खाली उतरत होत्या. हिरवी सोपी, निळी मध्यम. "आणि काळी?" मी विचारलं.

"दॅट्स फॉर क्रेझी पीपल, आजी."

तिचं बोट एका हिरव्या रेघेवर थांबलं. बाकीच्या रेघा घाईघाईने खाली धावत होत्या, ही मात्र वळणं घेत, रेंगाळत उतरत होती. नाव होतं स्लीपी मार्मोट. मार्मोट म्हणजे खारीचा गुबगुबीत मोठा भाऊ, अख्खा हिवाळा बिळात झोपून काढतो, हे ज्ञान मला इराकडून मिळालं. त्या दुपारी मला तो प्राणी फारच समजूतदार वाटला.

"वी विल डू धिस वन. यू अँड मी. टॉप टू बॉटम."

"हो," मी म्हटलं. फरशीवर पालथं पडून हो म्हणायला काय जातं?

पण ती दुपार पुन्हा पुन्हा येत राहिली. जेवण झालं की नकाशा निघायचा आणि आमची दोन बोटं डोंगरमाथ्यावरून निघायची. इराने मागच्या वर्षी दोन दिवस क्लास केला होता, त्यामुळे ती वाटाड्या. "हिअर, ट्रीज. हिअर, लिटल ब्रिज. हिअर यू फॉल."

"मीच का पडायचं?"

"बिकॉज यू आर न्यू."

मला डुलकी लागायची आणि अर्धवट झोपेत मी खरोखरच त्या हिरव्या रेघेवरून खाली येत असायची. गार वारा, पायाखाली काहीच नाही, कुठे जायची घाई नाही. डोळे उघडले की वर पंखा फिरत असायचा आणि इरा माझ्या हातावर डोकं टेकून झोपलेली असायची. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई मी, असली स्वप्नं बघणं माझ्या स्वभावात नाही. पण त्या उन्हाळ्यात मी ती बघितली, आणि मला ती फार आवडली.

घरच्यांचा बेत अर्थातच वेगळा होता. "आई, तू कॉन्डोमध्ये मस्त रिलॅक्स कर," समीर म्हणाला. "खिडकीतून जबरदस्त व्ह्यू आहे. चहा घेत बस." मुलं मोठी झाली की आईला खिडकीशी नेऊन बसवतात. मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात बायकांनी बघू म्हटलं की ते ठरलेलं असतं, फक्त जाहीर केलेलं नसतं. आमचे हे नागपूरहून व्हिडिओ कॉलवर आले आणि म्हणाले, "बर्फच बघायचा तर फ्रीजर उघड ना. कशाला एवढ्या उंचावर तडमडते?" सकाळचा फिरण्याचा ग्रुप सोडवत नाही म्हणून हे अमेरिकेला आले नव्हते, तेव्हा त्यांच्या मताला फारसं वजन नव्हतं.

थंडीचे कपडे घ्यायला गेलो तेव्हा मी सगळ्यांना काळीच जॅकेटं घ्यायला लावली. वीकेंडच्या आसपास संक्रांत येत होती. दुकानातल्या मुलीने बर्फात पटकन दिसावं म्हणून नारिंगी रंग सुचवला, पण संक्रांतीला नारिंगी? गौरी पुण्याची, तिला लगेच पटलं. समीर तेवढा कुरकुरला, "आई, आपण बँड पार्टी दिसणार आहोत."

वर

विमान, रांगा आणि भाड्याच्या गाडीची कथा मी सांगत नाही, ती सगळीकडे सारखीच असते. एकच गोष्ट सांगते. डेन्व्हरला एक रात्र थांबून मग वर जावं, शरीराला उंचीची सवय होऊ द्यावी, असं गौरीने वाचलं होतं. पण सुट्टीचे दिवस मोजके, म्हणून समीरने ती रात्र कॅन्सल केली. सकाळी आम्ही फ्रिस्कोच्या सपाटीवर होतो आणि संध्याकाळी साडेनऊ हजार फुटांवर. आपली कळसूबाई आठवा. दुसरी कळसूबाई पहिलीच्या डोक्यावर उभी केली, तर त्या वरच्या शिखरापेक्षा जेमतेम एक टेकडी कमी, इतकं ते गाव उंच.

गाडीतून उतरले आणि पहिलं काय जाणवलं तर शांतता. आवाज होते, पण सगळे गोधडीखालून आल्यासारखे. बर्फ पडत नव्हता, नुकता पडून गेला होता. छपरांवर, कुंपणावर, उभ्या गाड्यांवर त्याचे गुबगुबीत थर. खांबावर सुद्धा एवढीशी टोपी. माझ्या बुटाखाली मक्याच्या पिठात चमचा दाबल्यासारखा कुचकुच आवाज होत होता आणि तो ऐकायला मी उगीचच चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे केली. संध्याकाळचा उजेड निळा होता. खरंच निळा, नीळ घातलेल्या पाण्यासारखा. आपण बोललो तर हे सगळं विस्कटेल असं वाटून मी कितीतरी वेळ गप्प उभी राहिले.

"आई, ठीक ना?" समीरने विचारलं.

"मला काही नाही," मी म्हटलं. डोक्याभोवती कुणीतरी ओला पंचा गुंडाळून हळूहळू पिळत होतं, ते सांगितलं नाही.

रात्रीच्या जेवणाला वरण-भात करायचा ठरला. बॅगेचं वजन वाढलं म्हणून कुकर फ्रिस्कोलाच राहिला होता, तेव्हा पातेल्यात भात लावला. पाणी खळाखळा उकळू लागलं, उकळतच राहिलं, आणि तांदूळ आपले टणक. गौरी वैतागली. "अहो आई, गॅस फुल आहे, तरी हा शिजत का नाहीये?"

मी धावत जाऊन पातेल्यात डोकावले. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं आणि अन्न लवकर शिजत नाही. हे वाक्य मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं असेल! मुलं माना डोलवायची, मीही डोलवायची, आणि आमच्यापैकी कुणीच ते पाहिलेलं नव्हतं. आता ते माझ्यासमोर खळखळत होतं. मी टाळ्या वाजवल्या. घरच्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने ब्रेड काढला. इराने तोही खाल्ला नाही, पण दिवसभराच्या प्रवासाने थकली असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी समीरने इराला क्लासला सोडलं आणि मागे वळून बघतो तर मीही रांगेत. "तू कुठे?" "क्लासला," मी म्हटलं. "इराने मला सांगितलंय, मी न्यू आहे." गौरी हसायला लागली आणि तिने स्वतःच माझं नाव नोंदवलं. समीर पुटपुटत मागे मागे आला.

शिकवायला बेथ नावाच्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या, उन्हाने आणि बर्फाने रापलेला चेहरा. माझ्याबरोबर शिकायला मक्याची शेती करणारे नेब्रास्काचे एक धिप्पाड गृहस्थ, ते म्हणाले, आमच्याकडे चढ म्हणायला फक्त पुलाचा चढ असतो. आम्ही दोघं सारखे पडलो. पायाला लांबलचक पट्ट्या बांधल्यावर माणसाला आपले पाय कुठे संपतात तेच कळत नाही. थांबायचं असेल तर दोन्ही पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा फाकवायच्या, म्हणजे पिझ्झ्याच्या तुकड्याचा आकार होतो. "पिझ्झा! आजी, पिझ्झा!" शेजारच्या रांगेतून इरा ओरडायची. तोवर मी बर्फात बसलेली असायची. आपल्याकडे घसरून पडलं की माणूस आधी कोणी पाहिलं का ते बघतो. इथे बेथबाई टाळ्या वाजवत होत्या, आणि पडल्यावर उठायचं कसं हाच पहिला धडा होता. दुपारपर्यंत मला थांबता येऊ लागलं. निघताना मी बेथबाईंना आणि नेब्रास्काकरांना तिळगूळ दिला. त्यांनी लाडू उलटसुलट करून पाहिला, मग एका घासात खाऊन टाकला आणि दुसरा मागितला.

बर्फात होते तोवर मजेत होते. खोलीत आले आणि डोकं पुन्हा आवळायला लागलं, आता मळमळही. क्रोसिन घेतली, आल्याचा तुकडा चघळला. समीर दर तासाला विचारायचा आणि मी दर तासाला म्हणायची, "मला काही नाही." सांगितलं असतं तर त्याने त्याच मिनिटाला बॅगा भरल्या असत्या, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना स्लीपी मार्मोटवर न्यायचं बेथबाईंनी कबूल केलं होतं. अख्खा उन्हाळा ज्या रेघेवरून बोट फिरवलं, ती आता खिडकीतून दिसत होती. माझ्या डोक्यापायी इराची ती रेघ कशी पुसायची? आणि खरं सांगायचं तर माझीसुद्धा.

सकाळी लवकर जाग आली. झोप अशी लागलीच नव्हती. सूर्य अजून डोंगराआड होता आणि शिखरांची टोकं तेवढी गुलाबी झाली होती. बाहेर आले तर इरा खिडकीशी उभी, कपाळ गार काचेला टेकलेलं. मला वाटलं डोंगर बघतेय. जवळ गेले तर डोळे मिटलेले होते. ओठ पांढरे.

"इरा, काय होतंय गं?"

ती दचकली. चटकन सरळ उभी राहिली, हसली आणि म्हणाली, "मला काही नाही."

ही मुलगी मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर इंग्रजीत देते. भूक लागली इंग्रजीत, झोप आली इंग्रजीत. आणि हे वाक्य तिने स्वच्छ मराठीत म्हटलं. माझ्याच सुरात, माझ्याचसारखी मान किंचित उडवून. दोन दिवस ते तिने माझ्याच तोंडून ऐकलं होतं. कुणी विचारलं की काय म्हणायचं, ते ती शिकली होती.

समीर कॉफी करत होता, गौरी जॅकेटं काढत होती. मी तिथेच सोफ्यावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं डोकं परवापासून दुखतंय. मळमळतंय. झोप नाही. मला बरं नाहीये, समीर."

इरा माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "माइन टू," ती म्हणाली आणि माझ्या कुशीत शिरून हुंदके द्यायला लागली. "आय डिडन्ट टेल कॉज यू वुड मिस स्लीपी मार्मोट. यू आर गोइंग बॅक, आजी. यू ओन्ली हॅव धिस वन टाइम."

म्हणजे मी तिच्यासाठी लपवत होते आणि ती माझ्यासाठी.

गावातल्या दवाखान्यात आमच्या बोटांना चिमटे लावून ऑक्सिजन बघितला. माझा कमी होता. इराचा माझ्याहून कमी होता. तो आकडा दिसला तेव्हा मी किती घाबरले ते मी इथे सजवून लिहिणार नाही. तिच्या आईकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टर तरुण, शांत होते. म्हणाले, घाबरू नका, वेळेवर आलात, पण आजच खाली जा.

गाडीत समीरचा स्फोट झाला. "आई, तू सांगायचंस ना यार! मी दर तासाला विचारत होतो!"

"हो," मी म्हटलं. "आणि तू खरं ऐकायला विचारत होतास. माझ्या लक्षात आलं नाही."

पुढच्या वळणावर त्याने नुसता मागे हात केला आणि माझा गुडघा थोपटला.

खाली

जसजसे उतरत गेलो तसतसा डोक्याभोवतीचा पिळा सैल होत गेला. घाटात इराने पहिल्यांदा खायला मागितलं. गौरीने डबा उघडला आणि तिने एकापाठोपाठ एक धपाटे संपवले. आम्ही तिघं मोठी माणसं तिचं चावणं एखाद्या मैफिलीसारखं ऐकत होतो.

नदीकाठच्या एका छोट्या गावात खोली मिळाली. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांचं पाणी एका मोठ्या उघड्या तलावात घेतलेलं आहे. आपल्या उनकेश्वरला आहे तसंच गंधकाचं पाणी, तसाच वास. फक्त देऊळ नाही, घंटा नाही, कुणी पाप धुवायला आलेलं नाही. सगळे नुसते गळ्यापर्यंत बुडून बसलेले. मीही पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख चढवून, देवाचं नाव घेऊन उतरले.

तो दुपारनंतरचा वेळ मला नीट सांगता येणार नाही. पाण्यावर वाफेचा पडदा होता, त्यातून माणसांची डोकी उगवायची आणि विरघळायची. वरून बर्फ पडू लागला. पाण्याला टेकायच्या आधीच भुरभुर नाहीशी व्हायची, पण केसांवर तशीच राहायची. इराचे केस पांढरे झाले, माझे आधीच होते. ती माझ्या हातांवर उताणी तरंगत होती आणि तिचं वजन म्हणून काही नव्हतंच. चाळीस अंशांतल्या त्या फरशीवर जे स्वप्न पडायचं त्यात आणि यात फार अंतर नव्हतं.

"आजी, माय बिग टो इज कोल्ड," ती डोळे मिटून म्हणाली.

"माझी कंबर धरलीये," मी म्हटलं.

"माय नोज इज ऑल्सो कोल्ड."

"माझा डावा गुडघा काल पडले तेव्हापासून ठणकतोय. आणि हे पाणी नाकात गेलं की अंड्याचा वास येतो."

ती खुदकन हसली. मग आम्ही लागलोच. तिला शाळेतली एक मैत्रीण आवडत नाही. मला समीरची कॉफी आवडत नाही. तिला अंधारात बाथरूमला जायची भीती वाटते. मला इंग्रजीत फोनवर बोलायची भीती वाटते. समीर शेजारी हसत ऐकत होता, तेवढ्यात वाफेतून गौरीचा आवाज आला.

"मी पण सांगू? मला ना, स्कीइंग अजिबात आवडत नाही."

"काय?" समीर पाण्यात उभाच राहिला.

"दरवर्षी तू एवढ्या हौसेने बुक करतोस, म्हणून येते. मला ते बूट घातले की रडू येतं. यार, मला हे आवडतं. हे, इथे."

समीर धपकन पुन्हा पाण्यात बसला. मग तो हसायला लागला, आणि तो हसतोय म्हणून तीही, इतकी की वाफेपलीकडून कुणीतरी डोकं वळवून बघितलं.

शेवटचा दिवस

दोन रात्री खाली झोपलो. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी दोघींना पुन्हा तपासलं आणि म्हणाले, दिवसा वर जायला हरकत नाही, पण डोकं दुखलं तर तिथूनच परत, आणि झोपायला खालीच. समीरने मला दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा थांबून, खरंच आपल्या डोक्याकडे लक्ष देऊन उत्तर दिलं. बरं होतं. इराचंही. गौरी एक जाड पुस्तक आणि टॉवेल घेऊन तलावाकडे गेली. इतकी खूश मी तिला त्या सगळ्या प्रवासात पाहिली नव्हती.

खुर्चीच्या पाळण्यात बसून वर जायचं असतं. पाय अधांतरी, पट्ट्या लोंबकळताहेत, आणि खाली बर्फात कुठल्याशा छोट्या जनावराच्या पावलांची नाजूक शिवण. देवदारांचे शेंडे आमच्या बुटांखालून गेले. इरा मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला समीर. मला वाटलं, हा पाळणा असाच चालत राहावा, पोहोचूच नये.

पण पोहोचला. बेथबाई वर वाटच बघत होत्या. आम्ही कडेला उभ्या राहिलो आणि मी खाली पाहिलं.

फरशीवरच्या नकाशात स्लीपी मार्मोट झोपाळू दिसायचा. इथे तो थोडा पुढे गेला की सरळ नाहीसाच होत होता. कड, आणि कडेपलीकडे नुसतं आकाश, फार लांब खाली काडेपेट्यांएवढं गाव. शेजारून एक चिमुरडं पोर सूं करून गेलं आणि त्या कडेवरून दिसेनासं झालं. समीर काळजीने बघत होता, त्याच्याकडे मी बघितलं नाही.

इराने माझी बाही ओढली. तिचा चेहरा गॉगल आणि मफलरमागे होता, त्यामुळे काहीच दिसत नव्हतं.

"आजी, आर यू स्केअर्ड?"

छे गं, हे शब्द जिभेच्या टोकावर तयारच होते. आयुष्यभर ते तिथे तयार असतात.

"हो," मी म्हटलं. "खूप."

तिने इतका मोठा श्वास सोडला की मफलरमधून वाफेचा ढग निघाला.

"ओह, गुड," ती म्हणाली. "मला वाटलं, ओन्ली मी."

मग आम्ही निघालो.